शॉर्टस्टॉप जागेवर नसते आणि वर तोंडही फुगवते: आधी काय तपासायचं?

मुंबईत चौदा वर्षांखालच्या मुलींची सॉफ्टबॉल टीम ज्यांच्या गळ्यात पडली आहे, त्यांना ही तक्रार नवी नाही. मुलगी चपळ, थ्रो सगळ्या टीममध्ये जोरात, म्हणून तिला शॉर्टस्टॉपला, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मध्ये, उभी केली. पण बॉल तिच्याकडे आला तरच ती हलते. फटका राइटला, म्हणजे फर्स्ट बेसच्या बाजूला, गेला की कमरेवर हात. बंट झाला, म्हणजे बॅटरने बॅट नुसती आडवी धरून बॉल हळूच समोर टाकला, की बघत राहते. सेकंड बेस उघडा पडतो, रनर आरामात पोचते, आणि तुम्ही आवाज दिलात की उत्तर तयार असतं: "मॅडम, तो माझा बॉलच नव्हता." मग पुढच्या दोन इनिंग खांदे पाडून उभं राहणं, ग्लोव्ह मांडीवर आपटणं, फर्स्ट बेसवालीला टोमणे.

मैदानाच्या कडेला लगेच निकाल लागतो. "ॲटिट्यूड आहे हो तिला." आणि शिस्तीवरचं भाषण सुरू होतं.

इतकी वर्षं मुलींना शिकवून माझं मत असं झालंय की बहुतेक वेळा या दोन तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट असते. बॉल आपल्याकडे नसताना पळायचं कुठे, हे तिला ठाऊक नसतं. आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी "मला कळत नाहीये" असं चारचौघींत म्हणण्यापेक्षा उर्मट दिसणं परवडतं. म्हणून आधी पाय दुरुस्त करा. तोंडाकडे नंतर बघू. उलट क्रमाने गेलात तर मुलगी गप्प होते, पण सेकंड बेस उघडाच राहतो.

आधी किरकोळ कारणं काढून टाका

ती डावखुरी आहे का? डावऱ्या हाताने थ्रो करणारी मुलगी शॉर्टस्टॉपला किंवा थर्डला उभी केली तर फर्स्टकडे फेकण्यासाठी तिला दर वेळी अख्खं अंग फिरवावं लागतं. तिला फर्स्ट बेसला किंवा आउटफिल्डला, म्हणजे बेसच्या पलीकडे लांब, न्या, अर्धी तक्रार तिथेच संपते. ग्लोव्ह कुणाचा आहे? शाळेच्या पेटीतला मोठ्यांचा ग्लोव्ह लहान हातात नुसता लोंबकळतो, बॉल लागला की उघडतो, आणि दोनदा असं झालं की मुलगी पुढे यायचंच सोडते. चष्मा घरी ठेवून येते का? कॅचरने खुणेसाठी दाखवलेली बोटं तिला दिसतात का, हे एकदा विचाराच. आणि सकाळी काय खाऊन आली? विरार किंवा कल्याणहून पहाटेची लोकल पकडून नुसत्या चहावर आलेली मुलगी चौथ्या इनिंगला चिडचिडी होणारच. तिला ॲटिट्यूड म्हणू नका, केळं द्या.

दोन इनिंग फक्त तिच्याकडे बघा

हे कोच लोकांना सगळ्यांत जड जातं, कारण आपलेही डोळे बॉलमागे पळतात. एखाद्या सरावसामन्यात अंपायरिंग दुसऱ्या कुणाला द्या, कागद-पेन घ्या आणि दोन इनिंग त्या एका मुलीच्या पायांकडे बघा. दर पिचला, म्हणजे पिचरने टाकलेल्या दर बॉलला, एवढंच लिहायचं: बॉल कुठे गेला, तिचं पहिलं पाऊल कुठे पडलं, कधी पडलं. आउट झाली का, रन गेली का, याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही.

कागद बऱ्यापैकी बोलतो. बॉल तिच्या बाजूला आला की पाऊल झटकन पडतंय आणि दुसरीकडे गेला की पडतच नाहीये, तर ते अज्ञान आहे, आळस नाही. आळशी मुलगी स्वतःच्या बॉललाही उशिरा निघते. पाऊल पडतंय पण चुकीच्या दिशेला, तर ती कामं जाणते, फक्त प्रसंग उलटसुलट होतायत. हा प्रकार सगळ्यांत लवकर सुटतो. पहिल्या दोन इनिंग ठीक आणि मग घसरण असेल तर दम किंवा पोट. एखादी चूक झाल्यावर पुढचे पाच-सहा पिच ती मैदानात नसल्यासारखीच असेल, तर ते खरं मनाचं प्रकरण, त्याबद्दल खाली लिहिलंय. आणि आई किंवा बाबा कडेला येऊन उभे राहिले की सगळं बिघडत असेल, तर तुम्हाला मुलीशी बोलण्याची गरजच नाही.

आमच्याकडे एक मुलगी होती, चाळीच्या पॅसेजमध्ये भावांबरोबर टेनिस बॉल खेळून तयार झालेली. सगळ्यांनी तिला घमेंडखोर ठरवलं होतं. तिच्या कागदावर राइटला गेलेल्या प्रत्येक फटक्यासमोर एकच शेरा होता: उभी. विचारलं तर तिचा साधा समज होता की सेकंड बेसची पिशवी ही सेकंड बेसला खेळणाऱ्या मुलीचीच, आपण तिकडे गेलो तर तिच्या कामात लुडबुड. म्हणजे जी गोष्ट आम्ही उद्धटपणा समजत होतो, तो तिच्या लेखी शहाणपणा होता. ती पिशवी दोघींची असते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पाय

मुंबईची पोरं सॉफ्टबॉलला येतात ती क्रिकेट अंगात घेऊन. ते वाईट नाही, हात तयार असतो, उंच बॉलची भीती नसते. पण काही सवयी आडव्या येतात. गल्लीतला एक टप्पा आउटचा नियम मुलींच्या पायांत इतका मुरलेला असतो की समोर पडणाऱ्या बॉलला पुढे धावण्याऐवजी त्या नकळत टप्प्याची वाट बघतात. दुसरं म्हणजे जागा. आझाद मैदान, ओव्हल, शिवाजी पार्क, कुठेही बघा, एका मॅचचा कव्हर दुसऱ्या मॅचच्या फाइन लेगच्या पाठीला पाठ लावून उभा. तिथे वाढलेलं पोर एक गोष्ट पक्की शिकतं: आपल्या जागेवर राहायचं, दुसऱ्याच्या मध्ये यायचं नाही. सॉफ्टबॉलमध्ये नेमकं उलटं हवं. बॉल मैदानात गेला की नऊच्या नऊ जणींनी जागा सोडायची असते.

खो-खो खेळलेल्या मुली इथे पुढे असतात. पाटीवर बसलेल्या खेळाडूला पाठीत खो कधीही मिळू शकतो, त्यामुळे बसल्याबसल्या ती धावायला तयार असते. तुमच्या शॉर्टस्टॉपला उभं राहून तसं बसायला शिकवायचंय, असं मी मुलींना सांगते. हसतात, पण कळतं.

शॉर्टस्टॉपकडे वेळ किती असतो, हे तिला आकड्यांत दाखवा. या वयाला आकडे पटतात. दोन बेसमधलं अंतर ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर. बेसबॉलमध्ये तेच ९० फूट असतं. बॅटिंग करणारी मुलगी तीन-साडेतीन सेकंदांत फर्स्टवर पोचते. थर्डपासून फर्स्टपर्यंतची तिरकी रेघ जवळजवळ २६ मीटर आहे आणि शॉर्टस्टॉपचा थ्रोही साधारण तेवढाच लांब असतो. चौदा वर्षांच्या मुलीने चांगला ताशी सत्तर किलोमीटरने फेकला तरी सव्वा सेकंदाहून जास्त वेळ नुसता हवेत जातो. उरलेल्या दोन सेकंदांत बॉलपर्यंत जायचं, उचलायचा, पाय जुळवायचे, सोडायचा. विचार करायला यात जागाच नाही. जो विचार करायचा तो पिच सुटायच्या आधी. म्हणून दर पिचआधी तिने स्वतःशी तीन गोष्टी पुटपुटायच्या: आउट किती, रनर कुठे, माझ्याकडे आला तर कुठे. पुटपुटल्याचं मला ओठांवरून दिसलं पाहिजे, हा माझा हट्ट.

आता बॉल तिच्याकडे आला नाही तर. इथेच खरी मेख आहे. मी बॉल किटबॅगेतच ठेवते. नऊ जणी जागेवर उभ्या करते, होमवर उभी राहून प्रसंग ओरडते: "फर्स्टवर रनर, एक आउट, फटका राइटला!" सगळ्या पळतात, मी टाळी वाजवते, सगळ्या जागच्या जागी थिजतात. मग एकेकीला विचारायचं, तू इथे का? उत्तर तीनच प्रकारचं चालतं: बॉल घेणार, बेस सांभाळणार, किंवा कुणाच्या तरी मागे बॅकअपला. "अशीच" हे उत्तर आलं की प्रसंग पुन्हा. आठवडाभर रोज पंधरा मिनिटं हे केलंत तर बदल दिसतो. बॉल नसल्यामुळे कुणाच्या हातून तो सुटत नाही, कुणी कुणाला हसत नाही, आणि ज्या मुलीला काही ठाऊक नव्हतं ती बाकीच्यांबरोबर गुपचूप शिकून घेते. तिची अब्रू राहते. तोंड फुगवणाऱ्या मुलीसाठी ही सोय फार मोठी आहे.

शॉर्टस्टॉपपुरते प्रसंग हे. फटका लेफ्टला गेला तर ती आउटफिल्डच्या दिशेने कट-ऑफला, म्हणजे लांबून येणारा थ्रो मध्येच घेऊन पुढे द्यायला, जाते आणि सेकंडवाली पिशवीवर येते. फटका राइटला गेला तर बरोबर उलट: सेकंडवाली कट-ऑफला, शॉर्टस्टॉप पिशवीवर. फर्स्टवर रनर असताना बंट झाला तर फर्स्ट आणि थर्ड दोघी पुढे धावतात, सेकंडवाली फर्स्ट गाठते, शॉर्टस्टॉप सेकंड. रनर सेकंडवरही असेल तर थर्ड कोण सांभाळणार हे आधी ठरवून ठेवा. काही कोच शॉर्टस्टॉपला पाठवतात, काही दुसरी सोय करतात. मला शॉर्टस्टॉप पटते, पण काय ठरवता यापेक्षा एकदा ठरवल्यावर मोसमभर बदलत नाही, याला महत्त्व. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून बॉल सुटेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही, त्यामुळे स्टीलच्या वेळी, म्हणजे फटका नसताना रनर पुढचा बेस चोरायला पळते तेव्हा, शॉर्टस्टॉपची आणि रनरची शर्यत एकाच क्षणी सुरू होते. कॅचरने फेकल्यावर निघाली तर ती हरलीच. आणि एक काम कुणीच शिकवत नाही. रनर बेसवर असताना कॅचर पिचरला बॉल परत देते, तेव्हा शॉर्टस्टॉप आणि सेकंडवालीने दोन पावलं पिचरच्या मागे यायचं. पिचरच्या हातून सुटलेला तो एक बॉल मुलींच्या मॅचमध्ये फुकटचे बेस देतो. हे काम मी तोंड फुगवणारीलाच मुद्दाम देते. दर पिचला हलावं लागतं, रुसायला फुरसत मिळत नाही.

उभं कुठे राहायचं यासाठी फक्कीने तीन गोल आखा. एक नेहमीचा, सेकंड आणि थर्डच्या मध्ये, बेसच्या रेषेच्या काही पावलं मागे. दुसरा रनर फर्स्टवर असतानाचा, थोडा पुढे आणि सेकंडकडे सरकलेला. तिसरा थर्डवर रनर आहे आणि रन द्यायचीच नाही तेव्हाचा, जवळजवळ रेषेवर. धावत धावत बॉलला नुसतं टोचणारी डावखुरी बॅटर आली तर दोन पावलं पुढे, कारण ती फर्स्टच्या जवळून आणि पळतच निघते. आठ-दहा सरावांनंतर गोल पुसून टाका आणि तिला स्वतः उभं राहू द्या. शाळेचं अंगण लहान असेल तर बेस बारा मीटरवर लावा. दिशा शिकायच्यात, अंतर नाही. पावसाळ्यात मैदानाचा चिखल झाला की हेच सगळं वर्गाच्या बाकावर बाटलीच्या झाकणांनी होतं, आणि खरं सांगायचं तर जुलैतलं हे बाकावरचं काम डिसेंबरच्या शालेय स्पर्धेत दिसतं.

आता तोंड

पाय जागेवर आल्यावर निम्म्याहून जास्त मुलींचं तोंड फुगवणं आपोआप थांबतं. काय करायचं हे कळलं की "माझा बॉल नव्हता" म्हणायची वेळच येत नाही. पण काहींचं उरतं, आणि ते वेगळं प्रकरण आहे.

चुकीनंतर कोसळणाऱ्या मुलीला "विसरून जा" सांगून काही होत नाही. विसरण्यासाठी हाताला काम हवं. आमच्याकडे ठरलंय की बॉल पिचरच्या हातात परत जाईपर्यंत हवं तेवढं वाईट वाटून घ्या. पिचरने बॉल घेतला की टोपी सरळ करायची, बोटांनी आउट दाखवायचे आणि मोठ्याने ओरडायचं: "एक आउट, फोर्स सेकंडला!" फोर्स म्हणजे रनरला पुढच्या बेसला पळावंच लागणार, तिथे बॉल आधी पोचला की ती आउट. हे ओरडण्याचं काम कायम शॉर्टस्टॉपचं. रुसलेल्या आवाजात ते ओरडता येत नाही, प्रयत्न करून बघा.

मैदानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला ओरडून सुधारणा करू नका. आपल्या मैदानांवर ही मोठी खोड आहे. शेजारच्या नेटमधली पोरं, भेळवाला, फेरफटका मारणारे आजोबा, सगळे वळून त्या मुलीकडे बघतात. इनिंग संपल्यावर जवळ बोलवा, एक वाक्य बोला, सोडून द्या. दोन वाक्यं झाली की ती दुसरं ऐकत नाही. शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणं मला मुळीच मान्य नाही. जी मुलगी पळत नाही म्हणून आपण त्रासलोय, तिला पळणं म्हणजे शिक्षा असं शिकवून काय मिळवणार?

टोमणे, उलट उत्तरं, ग्लोव्ह फेकणं यांसाठी खेळाच्या नियमातच एक हत्यार आहे, ते वापरा. क्रिकेट बघून वाढलेल्या मुलीला वाटतं की बाहेर काढलं म्हणजे मॅच संपली. सॉफ्टबॉलमध्ये सुरुवातीच्या संघातली खेळाडू बाहेर काढली तरी तिला एकदा परत आत घेता येतं, बॅटिंगच्या तिच्याच क्रमावर. म्हणून मोसमाच्या सुरुवातीलाच, कुणी चिडलेलं नसताना, सगळ्यांना सांगून ठेवा: टीममधल्या मुलीला बोललीस तर एक इनिंग बाकावर, माझ्या शेजारी, स्कोअरशीट लिहीत. मग परत आत. आवाज चढवायचा नाही, टोमणा मारायचा नाही, आत पाठवताना उजळणी घ्यायची नाही. चुकीसाठी मात्र कधीच बाहेर काढू नका. बॉल सुटला म्हणून बाहेर आणि टोमणा मारला म्हणूनही बाहेर, असं झालं की मुलीला दोन्हींतला फरक कळेनासा होतो.

जागा बदलायची असेल तर त्याच न्यायाने. कच्च्या मुलींना राइट फिल्डला ठेवायची पद्धत सगळीकडे आहे आणि मुलींना ती बरोबर कळते. चूक झाली की लगेच "जा राइटला" म्हणालात तर तिने तोंड फुगवणं मी समजू शकते. बदल सरावाच्या दिवशी सांगा, कारणासकट. राइट फिल्डर बेसजवळच्या मुलींनी फर्स्टला केलेल्या प्रत्येक थ्रोला फर्स्टच्या मागे बॅकअपला धावते. शिवाय बेस ६० फुटांवर असल्यामुळे जोरदार हाताची मुलगी राइटवरून थेट फर्स्टला थ्रो करून बॅटरला आउट करू शकते. बेसबॉलमध्ये हे क्वचित दिसतं, इथे दिसतं. तुमच्या मुलीचा हात खरंच तसा असेल तर तिला हे एकदा करून दाखवायला लावा. त्यानंतर ती राइटला जायला कुरकुरणार नाही.

कडेला उभे असलेले

पालकांचा प्रश्न साधारण असा येतो.

"मॅडम, तिला पिचर का करत नाही? हात बघा की तिचा."

"बघितलाय ना. म्हणूनच शॉर्टला आहे."

"नाही, पण दहावीच्या क्रीडा गुणांसाठी..."

"ते टीम पुढे गेली तर. टीम पुढे जाणार ती सेकंड बेस उघडा नसेल तर. तुम्ही कडेवरून 'दोन्ही हातांनी घे' ओरडता, तेव्हा ती तुमच्याकडे बघते."

एवढं स्पष्ट बोलायला सगळ्यांना जमत नाही, मान्य. मग पालकांना काम द्या. त्यांच्या हातात तोच कागद-पेन द्या आणि मुलीची पहिली पावलं लिहायला सांगा. लिहिणारा माणूस ओरडत नाही. आणि घरी जाताना लोकलमध्ये बापलेकीत जे बोलणं होतं, ते सुटलेल्या बॉलवरून पायांवर येतं. "या खेळात पुढे काय" असं विचारणाऱ्यांना सांगा की १९९६ ते २००८ आणि पुन्हा टोकियोत सॉफ्टबॉल ऑलिंपिकमध्ये होता, पॅरिसला नव्हता, २०२८ला लॉस एंजेलिसमध्ये परत येतोय. त्यापलीकडे कुणाला काही कबूल करू नका.

एवढं करूनही

महिना-दीड महिन्याने पुन्हा दोन इनिंग कागद घेऊन बसा. पाय सुधारलेत, कामं पाठ आहेत, आणि तरी मुलगी दर सरावाला उशिरा येते, कुणाशी बोलत नाही, तर मैदानाबाहेर, बाकीच्या गेल्यावर, एकच प्रश्न विचारा: तुला हा खेळ खेळायचाय का? कधीकधी उत्तर नाही असतं. शाळेने टीम भरायला ओढलेलं असतं, किंवा घरून दबाव असतो, किंवा तिला क्रिकेटच खेळायचं असतं. नोव्हेंबर २०२५मध्ये नवी मुंबईत आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकल्यापासून हे तिसरं उत्तर मला जास्त ऐकू येतं. अशा मुलीला अडवू नका. चांगल्या क्रिकेट कोचकडे स्वतः फोन करून पाठवा आणि सांगा की पोरगी पॉइंटला उभी करा, पहिलं पाऊल तयार आहे. मग तुमच्या बाकावरच्या त्या मुलीकडे वळा, जी मोसमभर स्कोअरशीट लिहीत बसली आहे आणि जिला सगळे प्रसंग कधीचे पाठ झालेत. तिचा थ्रो कमी पडत असेल तर तिला सेकंडला घ्या, सेकंडवालीला शॉर्टला न्या, आणि फक्कीचे गोल पुन्हा आखा.